हजेरीपटावरचे नाव: आर्थिक संकटात सरकारी आधार लोकांपर्यंत कसा पोहोचतो

महाराष्ट्रात पगारावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची एक कपात असते आणि फेब्रुवारीत तीच कपात तीनशे रुपये होते. तिचे नाव व्यवसाय कर. कार्यालयांत तिला नुसते ‘पीटी’ म्हणतात. फेब्रुवारीतल्या जादा शंभर रुपयांत गूढ काही नाही. राज्यघटनेने या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि अकरा महिन्यांचे दोनशे व एका महिन्याचे तीनशे मिळून ती बरोबर गाठली जाते. हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला आणि तो आणण्यामागचा हेतू ग्रामीण भागातल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा होता, हे मात्र तो भरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. शहरातल्या नोकरदाराने थोडे थोडे द्यायचे, राज्याने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी खेड्यातल्या मजुराने काम मागितले तर त्याला नाही म्हणायचे नाही, अशी ती मांडणी होती.

सरकारी मदतयोजनांची चर्चा बहुधा रकमेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते: किती कोटी जाहीर झाले, माणशी किती आले, ते पुरेसे आहेत का. हे प्रश्न योग्यच आहेत; पण संकटात मदत कोणाच्या हातात पडली आणि कोणाच्या नाही, याचे उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही. ते सापडते संकट येण्याआधीच्या कागदपत्रांत: कोणाचे नाव कोणत्या यादीत होते, काम मागण्याचा अर्ज घेणारा कोणी गावात होता का, पैसा कोणत्या खात्यातून निघणार हे ठरलेले होते का. महाराष्ट्राच्या अनुभवातली दोन संकटे, १९७२ चा दुष्काळ आणि २०२० ची टाळेबंदी, शेजारी शेजारी ठेवली की ही गोष्ट पुरेशी स्पष्ट होते.

दुष्काळात धान्य पिकत नाही म्हणून लोक उपाशी राहतात, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. एका भागात पिकले नाही तरी दुसऱ्या भागातून किंवा परदेशातून धान्य आणता येते. १९७२ मध्ये ते आणलेही गेले आणि त्या काळच्या लोकांना रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी व तिची चव आजही आठवते. खरी अडचण दुसरी असते. पेरणी, खुरपणी, काढणी यांपैकी काहीच नसल्यामुळे शेतमजुराला काम मिळत नाही, काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून दुकानात धान्याची पोती रचलेली असली तरी त्याला ती विकत घेता येत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत, आटते ती क्रयशक्ती. सुताराकडे नांगर दुरुस्तीला येत नाही, शिंप्याकडे लग्नाचे कपडे येत नाहीत, आठवडी बाजारात पालं लागतात पण गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि अशा रीतीने एकाचे थांबलेले उत्पन्न दुसऱ्याचे उत्पन्न थांबवत जाते. म्हणून मदतयोजनेचे पहिले काम धान्य वाटणे हे नसून, लोकांच्या हातात पुन्हा पैसा येईल अशी व्यवस्था करणे हे असते.

ब्रिटिश सरकारला हे कळले होते, पण ते त्याने अत्यंत कंजूष हाताने राबवले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मदतकार्यावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने ठरवण्यात आली. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाचे त्यावर भागणे शक्य नव्हते. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लावून धरली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाली आणि टंचाई ओळखायची कशी, कामे केव्हा काढायची, केव्हा बंद करायची याचे लेखी नियम झाले. मात्र संहिता सरकारी अधिकाऱ्याला सूचना देत होती. मजुराला तिने काही अधिकार दिला नव्हता. काम काढायचे की नाही, हे जिल्हाधिकारी ठरवणार.

१९७० ते ७३ या सलग टंचाईच्या वर्षांत महाराष्ट्राने जुन्या संहितेच्या चौकटीतच काम केले, पण त्याचा आवाका पूर्वी कधी नव्हता एवढा होता. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, विहिरी अशी ती कामे होती आणि त्यांतले सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिलेले चित्र म्हणजे रस्त्याच्या कडेला रणरणत्या उन्हात ओळीने बसून खडी फोडणाऱ्या बायका, शेजारी झाडाला बांधलेल्या झोळीत मूल, आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी. त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याचे श्रेय अभ्यासक या कामांना आणि रेशनच्या धान्याला देतात.

एवढ्या लोकांतून गरजू कोण हे कसे ठरवले? ठरवलेच नाही. योजनेची युक्ती इथेच आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मदत फुकट वाटायची म्हटले की यादी करावी लागते; यादी करायची म्हटले की उत्पन्नाचे दाखले लागतात, दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, आणि ज्याची ओळख आहे त्याचे नाव आधी लागते. याउलट जो कोणी येईल त्याला काम द्यायचे, काम कष्टाचे असेल आणि मजुरी बाजारभावापेक्षा फार नसेल, असे ठरवले की ज्याला दुसरा पर्याय आहे तो आपण होऊन येत नाही. सधन शेतकरी खडी फोडायला बसणार नाही. गरज कोणाला आहे हे माणूस स्वतःच ठरवतो, म्हणून या पद्धतीला स्वयंनिवड म्हणतात.

या युक्तीत एक क्रूरपणाही आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. म्हातारे, अपंग, बाळंतीण, दीर्घ आजारी यांना गरज सर्वांत जास्त असते आणि ती सिद्ध करण्यासाठी त्यांना उन्हात माती उचलायला सांगितली जाते. त्यांच्यासाठी वेगळी, यादीवर चालणारी व्यवस्था ठेवावीच लागते. महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे तिचे उदाहरण आहे. आणि यादी म्हटली की दाखले, खेटे, तपासण्या हे सगळे तिच्या मागून येतेच.

दुष्काळ सरला तरी ही कामे पुरती बंद झाली नाहीत, याचे कारण विठ्ठल सखाराम पागे. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव परिसराशी जोडलेले होते आणि मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांनी दुष्काळापूर्वीच त्या भागात करून पाहिला होता. त्यांचा आग्रह असा की काम ही दुष्काळात केलेली मेहेरबानी नसावी, तो कायद्याने मिळालेला हक्क असावा. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळ जाहीर झाला की नाही, जिल्हाधिकाऱ्यांना पटले की नाही, हे प्रश्न त्याने मागे टाकले. मजुराने मागणी केली की शासनावर जबाबदारी पडते. देशभरासाठीचा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, २००५ मध्ये झाला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत लागू झाला आणि २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला.

हक्क कागदावर असणे आणि कामावर मजूर असणे यांच्यामध्ये बरीच यंत्रणा असते. २००५ च्या कायद्याप्रमाणे तिची चाल अशी. मजुराकडे जॉबकार्ड असते. काम हवे असेल तर तो नमुना ४ भरून ग्रामरोजगार सेवकाकडे किंवा ग्रामपंचायतीत देतो आणि तारीख घातलेली पोचपावती घेतो. ही पावती हाच सगळ्या हक्काचा पाया असतो, कारण पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा. पावतीच दिली नाही तर मात्र मागणीच झाली नाही असा अर्थ होतो. आणि मागणी तोंडी घेऊन पावती टाळण्याची प्रथा सरकारी यंत्रणेत का रुजली असेल, हे वेगळे सांगायला नको.

मागणी आल्यावर काम शोधत बसलो तर पंधरा दिवस उलटून जातील, म्हणून प्रशासकीय व तांत्रिक मंजुरी झालेली कामे आधीच तयार ठेवायची असतात. त्यांना कचेरीच्या भाषेत ‘शेल्फवरची कामे’ म्हणतात. ज्या तालुक्याचे शेल्फ भरलेले असते तिथे टंचाईच्या वर्षी आठवडाभरात मजूर कामावर दिसतात. ज्याचे रिकामे असते तिथे मे महिन्यात अंदाजपत्रके लिहिली जात असतात आणि मंजुरी येईपर्यंत पाऊस येतो.

काम सुरू झाले की दोन कागद महत्त्वाचे. एक हजेरीपट, ज्याला सगळे मस्टर म्हणतात, आणि दुसरे मापपुस्तक, म्हणजे एमबी. मस्टर सांगते कोण किती दिवस आले. मापपुस्तक सांगते किती माती खरोखर हलली. मजुरी ही रोजावर मिळते असा समज असला तरी अनेक कामांत ती मापावर ठरते: टोळीने किती घनमीटर खोदले, जमीन मऊ की मुरुमाची की कठीण, माती किती लांब टाकली, यावरून आठवड्याची रक्कम निघते आणि ती हजेरीप्रमाणे वाटली जाते. टोळीत चार म्हातारी माणसे असतील किंवा मुरूम लागूनही माप मऊ मातीचे लिहिले गेले असेल, तर पूर्ण आठवडा राबूनही हातात जाहीर दरापेक्षा कमी येते. त्यानंतर माप नोंदवायला तांत्रिक माणूस यायचा असतो, तालुक्याला नोंदी संगणकावर चढायच्या असतात, निधी हस्तांतरणाचा आदेश निघायचा असतो आणि मग पैसा खात्यात येतो. कायदा म्हणतो पंधरा दिवसांत. प्रत्यक्षात ही साखळी जिथे अडते तिथे मजूर दुसऱ्या आठवड्याला येत नाही, सावकाराकडे किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल घ्यायला जातो. संकटातल्या मदतीला उशीर झाला तर ती मदत थोडी कमी होत नाही, तिचा उपयोगच बदलतो. भाकरीसाठी असलेला पैसा व्याज फेडण्यात जातो.

‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण महाराष्ट्राने याच योजनेवर केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. मेलेल्या माणसांची मस्टरवर हजेरी लागल्याच्या, न झालेल्या बांधाची मापे लिहिल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. बँक खात्यात थेट मजुरी, सामाजिक अंकेक्षण म्हणजे गावासमोर हिशेबाची तपासणी, हे उपाय त्यातूनच आले. तरीही माझ्या मते या म्हणीने योजनेचे नुकसान तिच्यातल्या गैरव्यवहाराइतकेच केले, कारण तिने शहरी वाचकाच्या मनात योजना म्हणजे केवळ चोरी अशी समजूत पक्की केली आणि पाझर तलावामुळे ज्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले, १९९० पासून हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीतून ज्या आंब्याच्या आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, त्या नजरेआड झाल्या. अर्थात त्या विहिरी आणि बागा जमीन असलेल्यांच्या होत्या, खडी फोडणाऱ्यांच्या नव्हत्या, ही टीकाही खरीच आहे.

मजुरी किती ठेवावी हा या योजनेतला सर्वांत अवघड निर्णय. ती फार कमी ठेवली तर १८७७ मधल्या टेंपल यांच्या मजुरीची पुनरावृत्ती होते. पुरेशी वाढवली तर शेतमालक तक्रार करतात आणि मागणी एवढी वाढते की तिजोरी अपुरी पडते. १९८८ मध्ये किमान वेतनाशी जुळवून घेताना हमी योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्यानंतर योजनेवरचे एकूण काम वाढण्याऐवजी घटले. मागणी घटली नव्हती, कामे काढणे आवरते घेतले गेले होते. हक्क कायद्यात जसाच्या तसा होता. पुरवठा मात्र कचेरीत ठरू लागला.

आता २०२० कडे येऊ. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. शेतीचे उत्पादन मात्र त्या काळात वाढले होते. म्हणजे संकट १९७२ च्या नेमके उलटे होते: खेड्यात पीक होते आणि काम बंद पडले होते शहरात. त्यातही दुष्काळी कामांचे जुने उत्तर सुरुवातीला चालणारे नव्हते, कारण माणसांनी एकत्र जमून काम करायलाच मनाई होती. राहिले धान्य आणि रोख पैसा.

टाळेबंदी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्र सरकारने १.७० लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. रेशनकार्डावरच्या सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत, वीस कोटींहून अधिक महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये, उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबांना तीन सिलिंडर, शेतकरी सन्मान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता लगेच. एवढ्या लवकर हे शक्य झाले, कारण याद्या तयार होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकांपुढे गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून पैसे काढण्याचे दिवस वाटून दिले होते: शून्य आणि एकवाल्यांनी ३ एप्रिलला यायचे, दोन आणि तीनवाल्यांनी ४ ला. एवढी बारीक आखणी करता येणे हे तयार यादीचे बळ आहे. तिची मर्यादा कळण्यासाठी एखादे घर जवळून पाहावे लागते.

समजा, मराठवाड्यातल्या एका गावातले पाच माणसांचे कुटुंब आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, सून आणि दोन मुले गावी, मुलगा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर. घराचे रेशनकार्ड प्राधान्य गटातले आहे. एप्रिल २०२० मध्ये सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मिळते, कारण त्यांचे नाव तहसील कार्यालयाच्या यादीत आहे. सुनेचे जनधन खाते असेल तर ५०० रुपये येतात. आठ वर्षांपूर्वी काढलेले साधे बचत खाते असेल तर येत नाहीत. नावावर दोन एकर असतील तर २,००० चा हप्ता येतो. घर भूमिहीन असेल, म्हणजे गरज अधिक असेल, तर तो येत नाही. पाच जणांचे धान्य गावच्या रास्त भाव दुकानात येते, त्यात मुलाच्या वाट्याचे पाच किलोही येतात, पण मुलगा गावात नाही. तो पुण्यात पत्र्याच्या खोलीत आहे, ठेकेदाराचा फोन लागत नाही आणि खिशातले पैसे संपत आले आहेत. राज्याने नोंदीत बांधकाम कामगारांच्या खात्यांत २,००० रुपये जमा केले, परंतु बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तीन ठेकेदारांच्या हाताखाली तुटक तुटक काम केलेल्या माणसाला तो कोणी सहज देत नाही. एकाच घरातल्या पाच माणसांपैकी ज्याच्या कमाईवर घर चालत होते, नेमका तोच सगळ्या याद्यांच्या मधल्या फटीत सापडला. ८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडलेले सोळा मजूर जालन्याहून पायी निघाले होते. मध्य प्रदेशातल्या त्यांच्या गावी जाणारी गाडी मिळावी म्हणून.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही व्यवस्था या फटीवरचे उत्तर आहे. कार्ड कुठलेही असो, अंगठा ई-पॉस यंत्रावर जुळला की धान्य देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून घेता यावे, अशी तिची कल्पना. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ती ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली होती, पण संकट आले तेव्हा देशभर पसरलेली नव्हती. शिवाय ती कार्ड असणाऱ्यालाच उपयोगी. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लाभार्थींचा इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, ठरवून मिळाला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर कुटुंबे वाढली, वेगळी झाली, शहरांत आली. इष्टांक तोच राहिला. नव्याने नाव लावायला गेलेल्या माणसाला पुरवठा कार्यालयात ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे वाक्य ऐकावे लागते, त्याचा अर्थ तो अपात्र आहे असा नसतो. जुन्या लोकसंख्येने घातलेली रांग भरली आहे, एवढाच असतो.

यादीशिवाय चालणारी एक योजना त्या काळात राज्याकडे योगायोगाने होती. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन केंद्रांवर दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण अशी थाळी १० रुपयांना मिळत असे. शहरात थाळीचा खर्च ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून फरक राज्य देई. टाळेबंदीत तिचा दर ५ रुपये करण्यात आला आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही महिने ती मोफत झाली. कार्ड नको, दाखला नको. रांगेत उभा राहील त्याला थाळी. खडी फोडण्याच्या कामातली स्वयंनिवड इथे वेगळ्या, जरा माणुसकीच्या रूपात दिसते. केंद्रांची आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे तिचा आवाका मात्र मर्यादित राहिला.

गावी परतलेल्यांना पुढे रोजगार हमीनेच हात दिला. मे महिन्यात केंद्राने योजनेच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर घातली, महाराष्ट्रातला मजुरीचा दर त्या वर्षी २०६ वरून २३८ रुपये झाला, आणि २०२०-२१ मध्ये देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. आदल्या वर्षी ते २६५ कोटींच्या आसपास होते. नवी यंत्रणा उभारावी लागली नाही, नवा शासन निर्णय काढून पात्रता ठरवावी लागली नाही. दार उघडे होते आणि जास्त लोक आत आले. शहरांसाठी असे दार महाराष्ट्रात त्या वेळी नव्हते.

पैशाची बाजू समजून घेतल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. संकटात गरज वाढते त्याच वेळी सरकारचे उत्पन्न घटते. घर चालवणाऱ्या माणसाप्रमाणे सरकारनेही अशा वेळी हात आखडता घ्यावा, असे ऐकायला शहाणपणाचे वाटते, परंतु सगळ्यांनीच एकाच वेळी खर्च थांबवला तर बाजार आणखी बसतो. म्हणून अशा काळात सरकारने कर्ज काढून खर्च करावा, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात. केंद्राला हे जमते. राज्यांना नोटा छापता येत नाहीत आणि त्यांच्या कर्जावर मर्यादा असते. त्यामुळे मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारला विभागांचा खर्च अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांवर आणावा लागला आणि नवी नोकरभरती थांबवावी लागली. म्हणजे खर्च वाढवायच्या वेळी तो तोडण्याची पाळी आली. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा सकल राज्य उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली, पण वाढीव कर्जाचा काही भाग ‘एक देश, एक रेशनकार्ड’सारख्या सुधारणा पूर्ण करण्याच्या अटीवर दिला.

संकटातली योजना बंद कधी करायची, हाही प्रश्न असतो. मोफत धान्य आधी तीन महिन्यांसाठी होते, ते मुदतवाढ घेत घेत डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. त्यानंतरच्या बदलाविषयी अजूनही गोंधळ दिसतो. करोनाकाळात प्राधान्य गटातल्या माणसाला अन्नसुरक्षा कायद्याचे ५ किलो धान्य, गहू दोन व तांदूळ तीन रुपये किलो दराने, मिळत आणि त्याखेरीज ५ किलो मोफत, असे एकूण १० किलो धान्य येत होते. १ जानेवारी २०२३ पासून कायद्याचे ५ किलो मोफत झाले आणि जादाचे ५ किलो थांबले. बातमी ‘धान्य मोफत’ अशी आली, पिशवी मात्र निम्मी झाली. एखाद्या घराने वरच्या पाच किलोंची भरपाई बाजारातून केली असेल, तर रेशनवर माणशी दहा-पंधरा रुपये वाचवून त्याने शंभर-दीडशेचा खर्च पत्करला.

रोजगार हमीच्या बाबतीत चित्र आता बदलते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस वर्षाला १०० वरून १२५ झाले आहेत, पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे, आणि बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा होता. वाढलेल्या दिवसांपेक्षाही महत्त्वाचा फरक असा की प्रत्येक राज्याला किती निधी द्यायचा हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याचा. मागणीप्रमाणे निधी वाढत जाणे, जे २०२० मध्ये कामी आले, ते यापुढे राज्याच्या ऐपतीवर राहील, आणि टंचाईच्या वर्षी ती ऐपत कमी झालेली असते, हे आपण पाहिलेच.

महाराष्ट्राने ही जबाबदारी पूर्वी एकट्याने पेलली आहे आणि तिच्यासाठी लावलेला व्यवसाय कर अजून वसूल होतो. त्याची २,५०० रुपयांची मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरली आणि ती तेव्हापासून वाढलेली नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात हमीच्या कामावरची मजुरी ३१२ रुपये होती. त्या दराने एका नोकरदाराने वर्षभर भरलेला कर एका मजुराच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढा भरतो.